भरवशाची कसोटी

२०२० साली कोरोनाच्या साथीत मंदिरांची दारे बंद झाली, तेव्हा श्रद्धावंतांना एक प्रश्न खोचकपणे विचारला गेला. ज्या देवाला स्वतःचे दार उघडे ठेवता आले नाही, तो भक्तांना काय तारणार? दुसरीकडे, देवावर भरवसा असला की रोग शिवत नाही, असे मानणारे भाबडे भाविकही होते. दोघांची भूमिका परस्परविरोधी असली, तरी ईश्वराविषयीची कल्पना एकच होती. ईश्वर म्हणजे जणू संकटाविरुद्ध उतरवलेला विमा! महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेने मात्र अशी हमी कधी मागितलेली नाही.

तुकोबांचेच उदाहरण घ्यावे. १६३० च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. विठ्ठलाची उपासना पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या देहूच्या या घरातला व्यापार बुडाला. पहिली पत्नी आणि मुलगा दगावले. भक्तीमुळे दुष्काळ टळला नाही. तुकोबा एकांतासाठी डोंगरावर गेले, पण संसाराला पाठ फिरवून तिथेच राहिले नाहीत. परतल्यावर त्यांनी मोडकळीस आलेले विठ्ठलमंदिर सावरले आणि कर्जखतांपैकी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. सर्वस्व गमावलेल्या माणसाने इतरांच्या मानेवरचे ओझे उतरवावे, हे कशाच्या बळावर? भ्यालेला माणूस उरलेसुरले घट्ट धरून ठेवतो. उद्याचा भार विठ्ठलावर सोपवला, म्हणूनच तुकोबांचा हात मोकळा झाला.

अशीच कसोटी २०२० मध्ये वारकऱ्यांपुढे उभी राहिली. आळंदी आणि देहू येथून मोजक्या लोकांच्या उपस्थितीत पालख्यांचे प्रस्थान झाले, पण पायी वारी निघाली नाही. ३० जूनला, आषाढ शुद्ध दशमीला, पादुका सजवलेल्या एसटी बसमधून पंढरपुरास नेण्यात आल्या. एकादशीच्या शासकीय महापूजेचा मान दर्शनरांगेतील वारकऱ्याला मिळतो. त्या वर्षी रांगच नसल्याने तो मंदिरात वीणा घेऊन पहारा देणाऱ्या वारकऱ्याला मिळाला. २०२१ मध्येही पादुका बसनेच गेल्या. आयुष्यभर एकही वारी न चुकवलेल्यांसाठी हे दुःख लहान नव्हते. पायी वारीसाठी न्यायालयात धाव घेणाऱ्यांची तळमळही खोटी नव्हती. तथापि लाखोंच्या समुदायातून साथ फैलावली असती, तर त्याची किंमत वाटेवरच्या, दिंड्यांना भाकरी वाढणाऱ्या गावांनीच मोजली असती. तो भरवसा ठरला नसता. ती देवाची परीक्षा पाहणे ठरले असते. वारकऱ्यांनी घरीच हरिपाठ म्हटला, एकादशी धरली आणि वाट पाहिली. २०२२ साली पायी वारी पुन्हा निघाली.

साथ ओसरली, तरी अनिश्चितता संपलेली नाही. कुणाच्या घरी नोकरीची चिंता आहे, कुणाच्या घरी दुर्धर आजार, तर कुणाचे डोळे आभाळाकडे लागले आहेत. देवापुढे हात जोडणाऱ्याचे भय नाहीसे होतेच असे नाही. पण भय असतानाही त्याच्या हातून कर्तव्य घडते का आणि स्वतःच्या चिंतेपलीकडे शेजाऱ्याचे दुःख त्याला दिसते का, यावरच त्याच्या भरवशाची पारख होते. सायंकाळी देवापुढे दिवा लावताना प्रत्येक कुटुंबाने स्वतःला एवढेच विचारावे : आपल्या वाट्याचे कोणते खत इंद्रायणीत सोडायचे राहिले आहे?