बोटीवरच्या माणसालाही वकील हवा

उच्च न्यायालय विधी सेवा समिती, मुंबई यांस खुले पत्र

महोदय,

आमच्या गुहागर तालुक्यात बहुतेक वाड्यांमध्ये कुणी ना कुणी ‘बोटीवर’ असतो. कुणी ऑइलर, कुणी एबी म्हणजे कुशल खलाशी, कुणी भंडारी. माझा भाऊही त्यांतलाच. त्याचा पगार आजवर वेळेवर येत गेला, त्यामुळे हे घरचं गाऱ्हाणं नाही. पण ज्यांचे पगार थकले आणि ज्यांची जाळी मोठ्या जहाजाखाली गेली, त्यांना उच्च न्यायालयापर्यंत नेणारा वकील कुठून मिळणार, हे आपल्याला विचारायचं आहे.

कायदा या माणसांच्या बाजूचा आहे. १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या २०१७ च्या अॅडमिरल्टी म्हणजे सागरी दाव्यांच्या कायद्याने ब्रिटिश काळातले कायदे रद्द केले आणि दावेदारांचा क्रमही लावून दिला. कलम ९ मध्ये सर्वांत वर आहेत कप्तानापासून खलाशापर्यंत सगळ्यांचे पगार आणि त्यांना घरी पाठवण्याचा खर्च. त्यांच्याखाली मृत्यू आणि इजेची भरपाई. जहाज गहाण घेऊन कर्ज देणारी बँक या सगळ्यांच्या नंतर येते. सातबाऱ्यावर बोजा चढावा तसा खलाशाचा हक्क थेट जहाजावर चढतो. मालक बदलला, झेंडा बदलला तरी तो उतरत नाही. पगाराच्या बाबतीत त्याची मुदत मात्र दोन वर्षं. त्या मुदतीत न्यायालयाच्या हुकमाने जहाज अडकवलं गेलं नाही, तर हा अग्रहक्क संपतो.

आणि दोन वर्षं जायला वेळ लागत नाही. एजंट ‘पुढच्या महिन्यात’ म्हणतो, मग फोन उचलणं बंद करतो. जहाज बंदराबाहेर नांगरावर उभं असतं आणि परवानगीशिवाय किनाऱ्यावर उतरता येत नाही. वकीलपत्रावर सही करायची तरी कुठे? सही झालीच, तर पुढची धास्ती कलम ११ ची. जहाज चुकीने अडकवलं असं ठरलं, तर नुकसान भरून देण्याची हमी न्यायालय दावेदाराकडून मागू शकतं. मागू शकतं, मागायलाच हवी असं नाही. पण हा फरक न्यायमूर्तींपुढे मांडायला वकील लागतो. आठ महिने पगार न मिळालेला माणूस एकट्याने त्या हमीचे कागद वाचून गप्प बसेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

जहाज अडकल्यावरही माणसं त्यावरच राहतात. डिझेल संपतं, पाणी संपतं. जहाजावर रसद पोहोचवा, माणसांना घरी जाऊ द्या, जहाजाच्या लिलावाच्या पैशातून पगार आधी द्या, असे हुकूम एकामागून एक मागावे लागतात. हे काम जाणणारे उत्तम वकील मुंबईत आहेत, बॅलार्ड इस्टेट आणि फोर्टमध्ये त्यांची कार्यालयं आहेत. ते मालकांसाठी, बँकांसाठी, विमा क्लबांसाठी, इंधन पुरवणाऱ्यांसाठी उभे राहतात. तो त्यांचा व्यवसाय आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बारा खलाशांच्या थकलेल्या पगारातून त्यांची फी निघत नाही.

पाठीशी कुणी असलं की काय होतं, ते ‘मालवीय सेव्हन’ या जहाजावर दिसलं. मुंबईच्या कंपनीचं हे जहाज २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या अॅबर्डीन बंदरात अडकलं. त्यावरच्या भारतीय माणसांचे पगार थकले होते. वाहतूक कामगारांची आंतरराष्ट्रीय संघटना मदतीला आली, तिथल्या न्यायालयात पाठपुरावा झाला आणि २०१७ मध्ये जहाज विकून पगाराची वाट मोकळी झाली. ही माणसं मुंबईच्या बाहेरच्या नांगरावर अडकली असती, तर त्यांच्यासाठी कोण उभं राहिलं असतं?

मच्छीमारांची अडचण वेगळी. रात्री मालवाहू जहाज जाळी तोडून निघून जातं, आणि तांडेलाला नावसुद्धा वाचता येत नाही. ओळख पटवायची तर किनाऱ्यावरच्या केंद्रांतली एआयएसची, म्हणजे जहाजांची ओळख आणि जागा टिपणाऱ्या यंत्रणेची, नोंद आणि जहाजावरची प्रवासनोंद ताबडतोब मागायला हवी; जहाजावरची जुनी नोंद काही काळाने पुसली जाते. तोवर जहाज मुंद्र्याला पोहोचलं, तर हद्द गुजरात उच्च न्यायालयाची. असा पाठलाग पूर्वी झालेला आहे. गोव्याच्या हरवान कंपनीने मुरगावहून १९८४ मध्ये निघून गेलेलं ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ पुढे विशाखापट्टणममध्ये अडकवलं आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. १९९२ च्या त्या निकालाने भारतीय न्यायालयांची सागरी अधिकारिता रुंदावली. एवढा पाठलाग व्यापारी कंपनीला परवडला. हर्णैच्या तांडेलाला तो कसा परवडावा?

२५ मे २०२५ ला केरळजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडालं, तेव्हा तिथल्या राज्य सरकारने ९,५३१ कोटींचा दावा लावला आणि बुडालेल्या जहाजाच्याच कंपनीशी जोडलेलं दुसरं जहाज विळिंजममध्ये अडकवलं गेलं. मोठ्या अपघातात सरकार उभं राहतं. तुटलेल्या एका जाळ्यासाठी सरकार येत नाही, तिथे आपण यावं.

आपल्याकडे अॅडमिरल्टीचे दावे चालवणाऱ्या वकिलांची स्वतंत्र यादी असेल, तर ती मुंबई, जेएनपीए आणि दिघी बंदरांत, मच्छीमार सोसायट्यांत मराठीत लावावी. नसेल तर करावी, आणि तिला रात्रीही उचलला जाणारा फोन द्यावा. व्हॉट्सअॅपवर आलेला अर्ज अर्ज मानावा. नांगरावरच्या जहाजावर वकीलपत्र पोहोचवणारा विधी स्वयंसेवक नेमावा. गुजरातच्या समितीशी आधीच बोलून ठेवावं, म्हणजे जहाज हद्द ओलांडेल तेव्हा कागद तिथे तयार असतील. उत्पन्नाची मर्यादा मोजताना करारावरचा पगार पाहू नये, प्रत्यक्ष हाती आलेला पैसा पाहावा. आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर घरोघर सांगावं. समुद्रात गेलेल्या माणसाच्या बायकोला आजही तो हक्क आहे. तिचा अर्ज घ्यायला तालुक्याच्या विधी सेवा समितीतला कुणीतरी पावसाळ्यातल्या बंदीनंतर मासेमारी सुरू होण्याआधी वाडीत यावा, एवढी व्यवस्था या वर्षीच करता येईल.

आपला,
एका खलाशाचा भाऊ
गुहागर तालुका, जिल्हा रत्नागिरी