रसायनशास्त्र गटात शिकवायचे, तर गट टिकायला हवा

जव्हार-मोखाड्यातल्या शेतकरी घरातील मुलाला राखेची ओळख पुस्तकाने करून द्यावी लागत नाही. पावसाआधी भात-नागलीच्या रोपांसाठी राब भाजताना त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. पण नववीत ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ हा धडा सुरू झाला की तोच मुलगा गप्प होतो. घरी वारली नाही तर कोकणा बोली, आणि पुस्तकात ‘उदासिनीकरण’!

ही कोंडी फोडण्याचा एक उपाय म्हणजे सहकार्यात्मक अध्ययन. नाव जड आहे, काम सोपे.

नेमके करायचे काय?

पाच मुले एका बाकाभोवती बसवली म्हणजे हे झाले, असे नव्हे. तसे केले तर एक हुशार मुलगा परीक्षानळी धरतो आणि बाकीचे त्याच्या वहीतून निरीक्षणे उतरवतात. ‘जिगसॉ’ पद्धतीत ही पळवाट राहत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ इलियट अ‍ॅरनसन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे ती वापरली. तेव्हा गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांना नुकतेच एका वर्गात आणले होते व त्यांच्यात तणाव होता.

पद्धत अशी. प्रत्येक गटातील एकाकडे राखेचे पाणी, दुसऱ्याकडे चुन्याची निवळी, तिसऱ्याकडे चिंचेचा कोळ, चौथ्याकडे मीठ-पाणी. आधी सगळ्या गटांतील ‘राखवाले’ एकत्र बसतात. लाल लिटमस निळा होतो, राखेवर लिंबू पिळले की फसफसते, हे ते स्वतः पाहतात, आपल्या बोलीत त्यावर वाद घालतात. मग प्रत्येक जण आपल्या मूळ गटात परततो आणि इतरांना शिकवतो. त्याच्याकडची माहिती दुसऱ्या कोणाकडेच नसते, म्हणून त्याला बोलावेच लागते. शेवटी चाचणी मात्र प्रत्येकाची वेगळी. लिटमस संपला असेल तर जास्वंदीच्या पाकळ्यांचा रसही चालतो.

स्थानिक वस्तूंतून शिकवणे या जिल्ह्याला नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी बालकांसाठी तेच केले. हायस्कूलपर्यंत मात्र ते पोहोचले नाही.

अडचण कुठे?

दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. सोबत मुलेही जातात. चौघांतला एक गेला की त्याच्या वाट्याचा तुकडाही जातो. त्यामुळे एका भागावर दोघांना नेमणे आणि आम्ल-आम्लारीसारखे प्रयोगाचे धडे दिवाळीपूर्वी घेणे, हे शाळांनी ठरवायलाच हवे. निवासी आश्रमशाळांना तुलनेने सोपे जाईल. संध्याकाळचा अभ्यासतासही त्यांच्या हाती असतो.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. एका तासिकेत दोन वेळा गट बदलून चाचणी उरकत नाही, सलग दोन तासिका लागतात. त्या मागितल्या की ‘अभ्यासक्रम कधी संपवणार?’ हा प्रश्न येतो. दहावीच्या विज्ञानात १०० पैकी ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० अंतर्गत मूल्यमापनाचे. शाळांनी निदान या २० गुणांत तरी, मुलाने प्रयोग दुसऱ्याला समजावून सांगितला का, हे तपासावे. त्यासाठी नवी इमारत लागत नाही की नवा निधी.