खानदेशातील लोकसभा मतदान: स्थलांतर आणि अर्थकारण

खानदेशातील लोकसभा मतदानावर शेतमालाचे भाव आणि स्थलांतर या दोन घटकांचा प्रभाव आढळतो. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत कापूस, केळी व कांदा ही महत्त्वाची नगदी पिके आहेत. कापूस व कांद्याचे भाव केंद्र सरकारच्या आयात-निर्यात धोरणावर बरेचसे अवलंबून असल्याने लोकसभेच्या प्रचारात त्यांना थेट स्थान मिळते. स्थलांतराचे स्वरूप दुहेरी आहे. येथील अनेक कुटुंबे रोजगारासाठी सुरतेकडे जातात, तर धुळे मतदारसंघात समाविष्ट असलेल्या मालेगावात उत्तर भारतातून आलेल्या विणकरांची जुनी वस्ती आहे.

शेतमालाचे भाव

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले आणि ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी केली. ती ४ मे २०२४ रोजी, म्हणजे निवडणूक सुरू असतानाच उठवण्यात आली. परंतु प्रति टन ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य व ४० टक्के शुल्क लागू करण्यात आले. शेतकऱ्यांचा बराचसा माल तोपर्यंत पडत्या भावाने विकला गेला होता. कापसाचीही तीच तऱ्हा होती. २०२२ च्या पूर्वार्धात क्विंटलला दहा हजार रुपयांच्या वर गेलेला भाव २०२३-२४ च्या हंगामात ७,०२० रुपये या लांब धाग्याच्या हमीभावाच्या आसपास उतरला.

या असंतोषाचा परिणाम सर्वत्र सारखा झाला नाही. जळगावमध्ये स्मिता वाघ आणि रावेरमध्ये रक्षा खडसे या भारतीय जनता पक्षाच्या उमेदवार अडीच लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आल्या. नंदुरबार व धुळे या जागा मात्र काँग्रेसने जिंकल्या. भावाची तक्रार चारही मतदारसंघांत असली, तरी निकाल केवळ तिच्यावर ठरला नाही.

धुळे मतदारसंघ आणि मालेगाव

२००८ च्या पुनर्रचनेनंतर धुळे लोकसभा मतदारसंघात धुळे ग्रामीण, धुळे शहर व शिंदखेडा हे धुळे जिल्ह्यातील, तर मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य व बागलाण हे नाशिक जिल्ह्यातील विधानसभा मतदारसंघ येतात. २०२४ मध्ये काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांनी भाजपचे सुभाष भामरे यांचा ३,८३१ मतांनी पराभव केला. भामरे यांना पाच विधानसभा मतदारसंघांत मिळून सुमारे १ लाख ९० हजारांची आघाडी होती. एकट्या मालेगाव मध्यमध्ये ते सुमारे १ लाख ९४ हजार मतांनी मागे पडले.

मालेगावच्या विणकर समाजाचे पूर्वज प्रामुख्याने १८५७ च्या उठावानंतर उत्तर प्रदेशातून आले. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. निकालानंतर देवेंद्र फडणवीस यांनी येथील एकगठ्ठा मतदानाला ‘व्होट जिहाद’ म्हटले. विरोधकांनी या शब्दाला आक्षेप घेतला. जानेवारी २०२५ मध्ये, बांगलादेशी व रोहिंग्यांना जन्म दाखले दिल्याच्या आरोपावरून, राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले.

आकड्यांवरून मात्र आणखी एक बाब दिसते. २०१९ मध्ये भामरे सव्वादोन लाखांहून अधिक मतांनी जिंकले होते. त्या वेळीही ते मालेगाव मध्यमध्ये मागे होते. म्हणजेच उरलेल्या पाच ठिकाणची त्यांची आघाडी त्याहून मोठी होती. ती २०२४ मध्ये १ लाख ९० हजारांवर घसरली नसती, तर मालेगावचे मतदान निर्णायक ठरले नसते. मालेगाव मध्यची मते नेहमी एकत्र पडतात असेही नाही. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत तेथील निकाल अवघ्या १६२ मतांनी लागला.

सुरतेतील खानदेशी मतदार

सुरतेच्या कापड उद्योगाने खानदेशातील अनेक कुटुंबांना सामावून घेतले. उधना व लिंबायत भागांत त्यांची मोठी वस्ती असून हे भाग नवसारी लोकसभा मतदारसंघात येतात. तेथून २०२४ मध्ये सुमारे ७ लाख ७३ हजार मताधिक्याने निवडून आलेले सी. आर. पाटील यांचा जन्म जळगाव जिल्ह्यातला. सुरतेत स्थायिक झालेला खानदेशी माणूस अशा रीतीने त्या शहराच्या राजकारणाचा भाग बनला.

हंगामी मजुरांची स्थिती वेगळी आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० नुसार मतदाराचे नाव त्याच्या सर्वसाधारण निवासाच्या ठिकाणी नोंदले जाते. गावच्या यादीत नाव असलेल्या मजुराला मतदानासाठी रोजंदारी बुडवून व प्रवासखर्च सोसून परतावे लागते. देशांतर्गत स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा आराखडा निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केला. २०२४ च्या निवडणुकीत त्याचा वापर झाला नाही.

जर्मनीशी तुलना

जर्मनीत २३ फेब्रुवारी २०२५ रोजी झालेल्या संसदीय निवडणुकीतही महागाई, मंदावलेली अर्थव्यवस्था व स्थलांतर हे विषय अग्रभागी होते. स्थलांतराला विरोध करणाऱ्या ‘अल्टरनेटिव्ह फ्युर डॉइचलँड’ या पक्षाला २०.८ टक्के मते मिळाली. १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून आलेल्या कामगारांना तेथील संसदीय मतदानासाठी जर्मन नागरिकत्व मिळवावे लागते.

सुरतेला गेलेला खानदेशी मजूर नागरिकच असतो. त्याच्यापुढील अडचण यादीतील नावाची व मतदानाच्या दिवशी गावी पोहोचण्याची असते. मालेगावच्या विणकरांच्या वस्तीला दीड शतक उलटले, तरी दाखल्यांच्या वादामुळे तेथे नागरिकत्वाचा प्रश्न पुन्हा चर्चेत आला. पोटासाठी घर सोडणे हे दोन्ही स्थलांतरांचे मूळ आहे. प्रचारात मात्र एकाची गणना उद्यमशीलतेत, तर दुसऱ्याची संशयात होते.