ऊस, साखर आणि मतपेटी

२०२३ सालच्या ७ डिसेंबरला महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचे गाळप ऐन भरात होते. त्याच दिवशी केंद्र सरकारने आदेश काढून उसाच्या रसापासून इथेनॉल तयार करण्यास तत्काळ बंदी घातली. ज्या आसवनी प्रकल्पांवर ही कुऱ्हाड कोसळली, ते उभारण्याचा आग्रह केंद्राचाच होता. २०१८च्या योजनेनुसार अशा प्रकल्पांच्या कर्जावरील व्याजाचा काही भार पाच वर्षे उचलण्याची हमीही केंद्रानेच दिली होती. तिच्यावर विसंबून सहकारी कारखान्यांनी कोट्यवधींची कर्जे काढली आणि यंत्रे बसवली. आठच दिवसांनी, १५ डिसेंबरला, १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत परवानगी देऊन आदेश सैल करण्यात आला. टाक्यांत पडून राहिलेल्या बी-हेवी मळीला वाट मिळण्यास मात्र २०२४चा एप्रिल संपत आला, आणि सर्व बंधने पुढील हंगामापुरती उठली ती २९ ऑगस्ट २०२४ रोजी. या नऊ महिन्यांत लोकसभेची निवडणूक होऊन गेली होती आणि महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक दाराशी येऊन ठेपली होती.

सरकारजवळ कारण नव्हते असे नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये पावसाने देशभर मोठी ओढ दिली होती आणि साखर कमी पडेल ही भीती निराधार नव्हती. परंतु हंगाम संपला तेव्हा एकट्या महाराष्ट्रात सुमारे ११० लाख टन, म्हणजे अंदाजापेक्षा बरीच अधिक साखर तयार झालेली होती. अंदाज चुकू शकतो. त्याबद्दल कोणाला दोष देण्याचे कारण नाही. दोष द्यावयाचा तो हंगाम सुरू झाल्यावर, कारखान्यांचे करार झाल्यावर आणि बँकांचे हप्ते लागू असताना एका रात्रीत धोरण फिरवण्याच्या पद्धतीला. निवडणुकीच्या तोंडावर शहरातील गृहिणीला साखर महाग वाटता कामा नये, हा विचार या घाईमागे नव्हता असे मानण्यास मोठा भाबडेपणा लागेल.

याच नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०२१, २०२२ आणि २०२३ या तीन वर्षी उसाचा रास्त व किफायतशीर दर केंद्राने जून ते ऑगस्टच्या दरम्यान जाहीर केला. २०२४-२५च्या हंगामाचा दर मात्र २१ फेब्रुवारी २०२४ रोजी, म्हणजे हंगामाच्या सात-आठ महिने आधी आणि लोकसभेची आचारसंहिता लागण्यापूर्वी जाहीर झाला. तोही क्विंटलला ३१५ रुपयांवरून ३४० रुपये करून. शेतकऱ्याला वाढीव दर मिळाला याचा समाजवादी कार्यकर्त्याला आनंदच वाटेल. परंतु उसाचा दर वाढवणाऱ्या सरकारने साखरेच्या किमान विक्रीदराला हातही लावला नाही. तो २०१९च्या फेब्रुवारीत, तेव्हाच्या लोकसभा निवडणुकीपूर्वी, किलोला २९ रुपयांवरून ३१ रुपये करण्यात आला आणि पुढे सहा वर्षे तेथेच राहिला.

या दोन आकड्यांची सांगड घालून पाहिली म्हणजे कारखान्यांचे दुखणे ध्यानात येते. २०१८-१९ मध्ये १० टक्के उताऱ्याला उसाचा दर क्विंटलला २७५ रुपये होता. म्हणजे एक किलो साखरेमागे उसाचाच खर्च साडेसत्तावीस रुपये. २०२४-२५ मध्ये सव्वादहा टक्के उताऱ्याला ३४० रुपये दर धरला, तर हाच खर्च ३३ रुपयांवर जातो. म्हणजे प्रक्रिया, पगार, व्याज आणि वाहतूक यांचा एक पैसाही न धरता किमान विक्रीदर मागे पडतो. बाजारात साखर या किमान दरापेक्षा वर विकली जाते आणि मळी व बगॅसचेही उत्पन्न असते, हे खरे. परंतु बँका कर्जाचा हिशेब करताना किमान दराकडेही पाहतात, आणि मंदीच्या वर्षी कारखान्याला आधार तेवढाच असतो. इथेनॉलची गतही तीच झाली. रसापासूनच्या इथेनॉलचा दर २०२२-२३ पासून २०२४-२५ अखेर लिटरला ६५ रुपये ६१ पैसेच राहिला; ऊस मात्र त्या काळात दोनदा महागला.

उत्पादकाचे मत वाढीव दराने मिळवावयाचे, ग्राहकाचे मत निर्यातबंदी, साठामर्यादा आणि मासिक विक्रीकोटा यांनी राखावयाचे आणि दोहोंमधील तफावत कारखान्याच्या खतावणीवर टाकावयाची, अशी ही रीत आहे. कारखाना तो बोजा स्वतःजवळ ठेवीत नाही. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत असा १९६६चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ते महिनोनमहिने थकतात. कायम कामगारांचे पगार लांबतात, हंगामी कामगारांचा रिटेन्शन भत्ता कागदावर राहतो आणि भविष्यनिर्वाह निधीचा भरणा मागे पडतो. सर्वांत शेवटी हा बोजा येऊन पडतो तो बीडहून मुकादमाची उचल घेऊन आलेल्या कोयत्यावर, त्या नवरा-बायकोच्या जोडीवर. त्यांचे मत तर अनेकदा गावी राहून जाते, कारण मतदानाच्या दिवशी ती परमुलखात फडावर असतात. दिल्लीतील आदेशात त्यांचा उल्लेखही नसतो. आदेशाची किंमत मात्र तीच मोजतात.

येथे प्रश्न संघराज्याचा येतो. ऊस पिकवण्यासाठी लागणारे पाणी, वीज आणि जमीन, सहकारी संस्थांचा कायदा, आजारी कारखान्यांच्या कर्जाची थकहमी हे सारे राज्याच्या गळ्यात आहे. दर, निर्यात, विक्रीकोटा आणि इथेनॉल यांची सूत्रे मात्र केंद्राच्या हाती आहेत. २०२१ साली केंद्राने स्वतंत्र सहकार मंत्रालय निर्माण केले. उसाला दिलेल्या जादा दरावरील प्राप्तिकराचा जुना वाद मिटवून २०२३च्या अर्थसंकल्पात सहकारी कारखान्यांना सुमारे १० हजार कोटींचा दिलासाही दिला, हे मान्य केले पाहिजे. परंतु दिलासा हा हक्क नव्हे. जो देतो तोच रोखू शकतो, आणि कारखान्याचा अध्यक्ष जेव्हा आमदारकीचा उमेदवारही असतो तेव्हा थकहमीची एक फाईल पक्षनिष्ठेला वळण लावण्यास पुरेशी ठरते. केंद्र आणि राज्ये यांनी असे प्रश्न समोरासमोर बसून सोडवावेत म्हणून १९९० मध्ये आंतरराज्य परिषद स्थापन झाली. २०१६च्या जुलैमध्ये तिची अकरावी बैठक झाली आणि त्यानंतर कित्येक वर्षे ती भरलीच नाही.

इतरांना बोल लावताना समाजवाद्यांनी स्वतःचाही इतिहास विसरू नये. १९७८च्या ऑगस्टमध्ये जनता सरकारने साखर एकाएकी पूर्णपणे नियंत्रणमुक्त केली. त्या सरकारात समाजवादीही होते. विक्रमी उत्पादनाच्या वर्षी घेतलेल्या या निर्णयाने साखरेचे भाव कोसळले, शेतकऱ्यांनी उसाकडे पाठ फिरवली आणि सुमारे ६५ लाख टनांचे उत्पादन दोन वर्षांत ४० लाख टनांच्या खाली गेले. मग भाव भडकले, १९७९च्या डिसेंबरात घाईने अंशतः नियंत्रण पुन्हा आले आणि जानेवारी १९८०च्या निवडणुकीत मतदाराने आपला हिशेब चुकता केला. नियंत्रण चांगले की मुक्त बाजार चांगला, या वादापेक्षा त्या प्रसंगाचा धडा वेगळा आहे. दोन्ही दिशांनी झालेले बदल आकस्मिक होते आणि दोन्ही वेळा कारखाना, कामगार आणि शेतकरी यांना कोणी विचारले नव्हते. शेतमाल आणि कारखान्याचा माल यांच्या दरांत न्याय्य नाते असावे, हे डॉ. राममनोहर लोहिया ‘दाम बांधो’च्या घोषणेतून सांगत राहिले. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांना सत्तेत असताना ते नाते बांधता आले नाही.

स्वस्त साखरेच्या नावाने जे चालते त्याचीही तपासणी व्हावयास हवी. देशातील साखरेच्या खपापैकी निम्म्याहून अधिक साखर घरात जात नाही. ती शीतपेये, बिस्किटे, मिठाई आणि औषधे बनवणाऱ्यांकडे जाते. म्हणजे गरिबाच्या चहाचे नाव सांगून दाबलेल्या दराचा मोठा लाभ बड्या कंपन्यांच्या पदरात पडतो. दुसरीकडे, रेशनवरील साखरेची सवलत २०१७ मध्ये केंद्रानेच अंत्योदय कुटुंबांपुरती आखडती घेतली. गरिबाची खरोखर काळजी असलेल्या सरकारने रेशनचा हात आखडून कारखान्याचा गळा आवळला नसता.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. उसाचा दर, साखरेचा किमान विक्रीदर आणि इथेनॉलचा दर ही तिन्ही एका कायदेशीर सूत्राने परस्परांशी बांधावीत आणि दरवर्षी लागवडीपूर्वी जाहीर करावीत. हंगामाच्या पुष्कळ आधी दर जाहीर करणे २०२४ साली निवडणुकीमुळे शक्य झाले. जे मतांसाठी एकदा जमले ते शेतकऱ्यासाठी दरवर्षी का जमू नये? हंगाम सुरू झाल्यावर निर्बंध आणणे अटळच ठरले, तर त्यातून होणाऱ्या नुकसानीची भरपाई केंद्राने करावी. थकहमीचे निकष आणि लाभार्थी कारखान्यांची यादी विधिमंडळापुढे ठेवावी. सवलत घेणाऱ्या प्रत्येक कारखान्यावर कामगारांची व तोडणी मजुरांची देणी प्रथम भागवण्याची अट असावी. आणि रेशनवरील साखर सर्व गरीब कुटुंबांना पुन्हा मिळावी.

कारखानदारांच्या संघटना यांतील पहिल्या दोन मागण्या करतील आणि उरलेल्या विसरतील. सहकारी चळवळीतील नेत्यांनी स्वतःच्या डोळ्यांदेखत आजारी कारखाने खाजगी हाती जाऊ दिले. महाराष्ट्रातील जवळजवळ निम्मे साखर कारखाने आज खाजगी आहेत. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरेकाठी जे उभे केले ते शेतकऱ्याला कोणाच्या दारात उभे राहावे लागू नये म्हणून. त्याच चळवळीचे अध्यक्ष दिल्लीच्या दारात रांग लावतात, तेव्हा त्यांच्यावर विसंबून भागणार नाही. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी शेतकरी सभासद, कारखाना कामगार आणि तोडणी मजूर यांच्या एकत्र सभा फडाच्या आणि कारखान्याच्या आवारात घ्याव्यात आणि मत मागण्यास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडून, तो स्वपक्षाचा असला तरी, या मागण्यांवर लेखी उत्तर घ्यावे. जे लेखी उत्तर देणार नाहीत त्यांच्या घोषणा निवडणुकीपुरत्या आहेत, हे गावागावांत सांगण्याचे काम मतदानाच्या दिवसापर्यंत थांबता कामा नये आणि त्या दिवसानंतरही संपता कामा नये.