भिंत चालली, पुढे काय?

साय-फाय मालिकांबद्दल आमच्या मित्रमंडळींचा एक ठरलेला आक्षेप असतो. "यान-बिन ठीक आहे रे, पण मध्येच ही रडारड कशाला?" माझं मत बरोब्बर उलटं आहे. रडारड हवीच. फक्त ती अशी हवी, जी सासू-सुनेच्या मालिकेत होऊच शकली नसती.

म्हणजे बघा, 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन'मधला १९९५ चा 'द व्हिजिटर' हा एपिसोड. अपघातात बाप नाहीसा होतो. गेलाच, असं सगळे धरून चालतात. पण तो काळात अडकलेला असतो आणि अधूनमधून, थोडाच वेळ, मुलासमोर प्रकट होतो. बापाच्या लेखी मध्ये क्षणभर गेलेला. मुलगा मात्र म्हातारा होत चाललेला. बापाला सोडवायच्या ध्यासापायी मुलाचं लेखन सुटतं, लग्न मोडतं. आणि हे कळल्यावर हादरतो तो बापच. आता यातलं विज्ञान (खरं तर शुद्ध थापा :-)) काढून टाका. गोष्टच उरत नाही!

२००४ साली सुरू झालेली 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' तर आम्हा प्रोग्रॅमर लोकांसाठीच बनवल्यासारखी आहे. एकाच क्लासचे दोन ऑब्जेक्ट. चेहरा तोच, आवाज तोच. एक अ‍ॅडमावर गोळ्या झाडते, आणि पुढे तोच अ‍ॅडमा दुसरीला आपल्या जहाजावर अधिकारी नेमतो. तोच चेहरा रोज समोर बघून विश्वास कसा ठेवायचा? हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या मालिकेत विचारणार?

उलट १९९२ चा 'द इनर लाइट' घ्या. पिकार्ड पंचवीसेक मिनिटांत एक अख्खं आयुष्य जगतो. बायको, पोरं, म्हातारपण, सगळं. अप्रतिम एपिसोड, वादच नाही. पण पुढच्या भागात साहेब पुन्हा ड्यूटीवर, जणू सिस्टीम रीबूट केली! १९९३ मध्ये 'लेसन्स'मध्ये ती बासरी परत दिसते, पण तेवढंच. एवढ्या मोठ्या आयुष्याची किंमत एक बासरी? मला हे पटत नाही.

आमच्या आळंदीत ज्ञानेश्वरांनी चालवलेली भिंत अजून दाखवतात. लहानपणी सगळं लक्ष भिंतीवरच असतं. चार भावंडं बसलीत आणि भिंत चाललीये, जबरी स्पेशल इफेक्ट! पण ती का चालली? समोरून चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन येत होते म्हणून. आणि पुढे हेच, परंपरेनुसार चौदाशे वर्षं जगलेले योगी, एवढ्याशा मुक्ताबाईचे शिष्य झाले. गुरू पोरसवदा आणि शिष्य चौदाशे वर्षांचा! च्यायला, या नात्यावर तीन सीझन निघतील. भिंत पहिल्या एपिसोडपुरती.

असो. मराठीत साय-फाय मालिका करायची तर माल कमी नाही. जयंत नारळीकरांची 'धूमकेतू' बघा. नवरा हौशी खगोलनिरीक्षक, त्याने धूमकेतू शोधलाय. बायकोला धूमकेतू अशुभ वाटतो. तो पृथ्वीवर आदळू नये म्हणून नवरा वैज्ञानिकांच्या गुप्त बैठकीला जातो आणि घरी बायको शांती करते. संकट टळतं. आता श्रेय कोणाचं? या प्रश्नावर दोघांचं जेवणाच्या टेबलावर जे होईल ना, ते मला बघायचंय. धूमकेतू खिडकीतून दिसला तरी चालेल.