राहणाऱ्याची बाजू

“ओझी गेला तिथंच ब्लॅक सॅबथ संपला,” असं हेवी मेटलचे शौकीन छातीठोकपणे सांगतात. वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढलेल्या माणसाला हे मुळीच मान्य नाही!

अहो, बर्मिंगहॅमच्या चार पोरांनी १९६८ साली हा बँड काढला. १९७९ साली गायक ओझी ऑस्बोर्नला नारळ मिळाला. मग डिओ आला, १९८३ साली गिलन आला. माणसं आमच्या मॅनेजरांसारखी बदलत राहिली. पण १९७० ते २०१३ पर्यंतच्या १९ च्या १९ स्टुडिओ अल्बमांत हजेरी एकाचीच : गिटारवाला टोनी आयोमी.

पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटं नेमकी तीच! पठ्ठ्यानं प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली आणि पुन्हा वाजवायला बसला. १९८६ साली स्वतःच्या नावानं अल्बम काढायला निघाला, तर कंपनीनं त्यावर बँडचं नाव चिकटवलं. राबणारा एक, खपणार पाटी!

५ जुलै २०२५ ला मूळचे चौघे बर्मिंगहॅममध्ये शेवटचं वाजले. २२ जुलैला ओझी गेला. लोक हळहळले, हळहळावंच. पण त्याला परत यायला घर कुणी राखलं होतं, हे कुणी विचारलं?

जाणाऱ्याला हार मिळतो, साहेब. राहणाऱ्यानं समारंभाच्या खुर्च्या मांडायच्या!