आडवं बजेट
आपल्या नगरपालिकेनं अर्थसंकल्प वेबसाइटवर टाकला. झाली पारदर्शकता! पीडीएफ उघडा. पानं आडवी, काही चक्क उलटी, आणि सगळे नुसते फोटो. 'पाणीपुरवठा' शोधलंत तर एक शब्द सापडणार नाही.

मंडळी, हे टाइप कॉम्प्युटरवरच झालंय ना? मग प्रिंट काढून, शिक्के मारून पुन्हा स्कॅन कशाला? सही हवी तर सहीचं एक पान स्कॅन करून जोडा.

क्यूपीडीएफ नावाचं फुकटचं साधन आहे. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली, पानं सरळ. दुसऱ्या ओळीत पाणीपुरवठ्याची पानं वेगळी. चहा निवायच्या आत. मजकूर शोधता यावा म्हणून टेसरॅक्टही चालवलं, पण आकडे एकेक करून मूळ पानाशी ताडावे लागले. एक शून्य चुकलं की लाखाचे दहा लाख होतात! या ताडण्यात माझी अख्खी रात्र गेली. मूळ फाइल दिली असती तर ही वेळच आली नसती.

माहिती अधिकार कायदा, २००५, कलम ४ सांगतं, माहिती लोकांना सहज मिळाली पाहिजे. आडवी मिळाली पाहिजे असं कुठंय?

नगरसेवकांनो, पुढच्या सभेत मूळ फाइल मागा. सरळ केलेली पानं कुणाला हवी असतील तर कमेंटमध्ये सांगा, पाठवतो.